माळवदाच्या खोलीत मिरचीची रोपं : सोडियम, ट्यूब की एलईडी

२४ मार्च

पाच गुंठ्यांत मिरची लावायची आहे. गेल्या साली रोपं विकत आणली होती. लावून महिना झाला नाही तोवर निम्म्या झाडांवर बोकड्या (पानं मुरडणारा रोग). तो रोपांबरोबर आला की आमच्याच रानातल्या फुलकिड्यांनी आणला, हे आता कोण सांगणार? पण रोप कोवळं असताना पांढरी माशी नाहीतर फुलकिडे लागले, तर पुढं औषधं मारून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून यंदा निम्मं बी घरचं आणि रोपं सगळी घरातच, जाळीच्या आत.

घर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. मागची खोली माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) आमच्या भागात माळवदाखाली झोपायला कुणी धजत नाही, त्यामुळं ती ज्वारीची पोती ठेवायलाच उरली. भिंती दीड हात जाड. बाहेर चाळिशी गाठली तरी आत ३१-३२ अंश. रोपांना याहून बरी जागा गावात मिळणार नाही, फक्त उजेड नाही. दाराशी ९०० लक्स (हे उजेडाचं माप), कोपऱ्यात ४०. बाहेर भर दुपारी लाखाच्या घरात असतो. म्हणजे सगळा उजेड दिव्यांचाच द्यावा लागणार.

२७ मार्च

जमवाजमव.

भाऊजी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये आहेत. तिथल्या आवारातले सोडियम (रस्त्यावर असायचे तसे पिवळ्या उजेडाचे मोठे दिवे) काढून एलईडी फ्लड लावले. त्यातला ४०० वॅटचा एक दिवा चोक आणि इग्नायटरसकट भंगाराच्या भावात, ६०० रुपयांना मिळाला. बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानातल्या चार फुटी, ३६ वॅटच्या, तांब्याच्या चोकवाल्या चार ट्यूबपट्ट्या फुकट. औशात २० वॅटच्या एलईडी बॅटन (ट्यूबसारख्या लांब पट्ट्या), ६५०० केल्विन म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, २३० रुपयांना एक. सध्या सहा घेतल्या. आणि ऑनलाइन मागवलेलं जांभळ्या उजेडाचं एक पॅनेल, ३,४०० रुपये, खोक्यावर ठळक ‘१००० वॅट’.

शंभराचा पिवळा बल्ब विचारात घेतलाच नाही. तो कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला ठीक.

मोजायला लक्स मीटर (१,१०० रुपये) आणि प्लगला लावायचं वॅट मीटर (७०० रुपये). मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका. आमच्या दोन फोनांनी एकाच जागी एकाच्या दुप्पट दुसऱ्यानं दाखवलं.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. रोपाच्या कामाचा उजेड मायक्रोमोलमध्ये मोजतात आणि त्याचं मीटर आपल्या खिशाला झेपत नाही. म्हणून लक्सला भागायचं : उन्हात ५४ नं, ट्यूबखाली ७४ नं, सोडियमखाली ८२ नं, पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७० नं. पानांवर १५० ते २०० मायक्रोमोल, रोज १६ तास, एवढं धरून चालले आहे. जांभळ्या पॅनेलला हा हिशोब लागू पडत नाही. तांबडा आणि निळा उजेड डोळ्याला कमी दिसतो, म्हणून मीटरही कमीच दाखवतं.

३० मार्च

आधी चुना. भिंती शेणामातीच्या, सगळा उजेड गिळतात. दोन हात चुना मारल्यावर त्याच दिव्याखाली कडेच्या ट्रेच्या जागी २,१०० चे २,९०० लक्स झाले. खर्च १८० रुपये. या सगळ्या उद्योगात एवढ्या पैशात एवढा उजेड दुसरीकडं कुठं मिळाला नाही.

सोडियम तुळईला टांगायचा बेत होता. वर चढून बघितलं तर तुळईचं एक टोक वाळवीनं पोकळ केलेलं. चोकसकट त्याचं वजन बरंच होतं, वर मातीचं धाबं. बेत सोडला आणि लोखंडी पाइपची घोडी करून घेतली, ७५० रुपये. कुणाचं घर माळवदाचं असेल तर तुळईला आधी बोट लावून बघा, मग हुक ठोका.

वायरमनकडून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की लाइन तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की तोडणारा) बसवून घेतला. ट्रेला पाणी मारायचं आणि डोक्यावर वीज, तिथं आरसीसीबीत काटकसर नको. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवरून वायर ओढायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. तो अनधिकृत वापर धरतात, आणि तिथं लाइट पाळीनं येते. नको.

२ एप्रिल

चाचणीला चार प्रो-ट्रे, ९८ कप्प्यांचे, एकच बी, एकच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बियाला ट्रायकोडर्माची (रोग रोखणाऱ्या बुरशीची) प्रक्रिया. मिरची उगवायला आठ-दहा दिवस घेते आणि तोवर उजेडाची गरज नसते. ट्रे एकावर एक रचून वर ओलं पोतं टाकलं. सातव्या दिवसापासून मात्र रोज उचलून बघावं लागतं. अंधारात कोंब एक दिवस जास्त राहिला तरी दोऱ्यासारखा लांबतो.

११ एप्रिल

उगवण बरी. ट्रे दिव्यांखाली गेले. आजचे आकडे :

सोडियम तीन फुटांवर : मधोमध १७,००० लक्स, म्हणजे २०० च्या वर मायक्रोमोल, दोन फूट बाजूला सरकलं की ६,०००. वीज ४३८ वॅट, कारण चोकही खातो.

चार ट्यूब सहा इंचांवर : ७,४०० लक्स, म्हणजे १००. वीज १८८ वॅट. ट्यूब जुन्या आहेत, नव्या असत्या तर थोडं वाढलं असतं.

सहा बॅटन सहा इंचांवर : १२,००० लक्स, म्हणजे १७०. वीज ११८ वॅट.

जांभळं पॅनेल दीड फुटावर : मीटर ३,८०० म्हणतं, त्याला अर्थ नाही. वीज ९६ वॅट. खोक्यावरचे १००० वॅट कुठं गेले ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पॅनेल घ्यायचंच असेल तर नाव-गाव बघू नका, भिंतीतून प्रत्यक्ष किती वॅट ओढतं ते विचारा. तो आकडा देत नसतील तर सोडून द्या.

१४ एप्रिल

संध्याकाळी सात ते दहा होल्टेज १७० वर येतं. ट्यूब पेटत नाहीत; स्टार्टर टकटक करत राहतो आणि त्या टकटकीत ट्यूबची टोकं काळी पडतात. सोडियमची तऱ्हा निराळी. होल्टेज क्षणभर झुकलं की तो विझतो, आणि विझला की थंड होईपर्यंत पुन्हा पेटायचं नाव नाही. पेटल्यावरही पूर्ण उजेडाला यायला चार-पाच मिनिटं. काल एका संध्याकाळीच त्यानं इतक्यांदा डोळे मिटले की शेवटी मी बंदच केला आणि साडेदहाला लावला. बॅटनना काही फरक पडला नाही. पट्टीवर १४० ते ३०० व्होल्ट लिहिलंय ते खरं निघालं.

१८ एप्रिल

सोडियमखालच्या खोलीत सकाळी दहाला ३७ अंश. रात्रभर दार उघडं (जाळी लावून) ठेवूनही. मला वाटलं होतं, जाड भिंती आहेत, उष्णता झिरपून जाईल. झालं उलटं. जी भिंत दिवसाचं ऊन आत येऊ देत नाही, ती रात्री तापवल्यावर ती ऊब बाहेरही जाऊ देत नाही. ४३८ वॅट म्हणजे घरातल्या हजार वॅटच्या शेगडीची जवळजवळ निम्मी धग, सोळा तास, बंद खोलीत. ज्या गारव्यासाठी ही खोली निवडली तोच दिव्यानं घालवला.

त्याच्याखालचा ट्रे दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत, दोन वेळा पाणी. बोअर आता खाली गेलाय, पाणी टँकरचं. त्यामुळं हे दोन वेळचं पाणीही हिशोबात धरलं पाहिजे.

२२ एप्रिल

रोपं शेजारी-शेजारी ठेवून बघितली. सोडियमखालची सगळ्यात उंच, नऊ सेंटिमीटर, बघणारा पहिल्यांदा तीच चांगली म्हणेल. हात लावला की डुलतात. देठ बारीक, दोन पानांत अंतर फार. बॅटनखालची पाच सेंटिमीटर, बुटकी, देठ जाड, पानांचा रंग गडद. ट्यूबखालची बॅटनसारखीच बांध्याची, पण आठवडाभर मागं. पॅनेलखालची छान बुटकी.

सोडियमच्या उजेडात निळा भाग फार कमी, आणि निळा कमी असला की रोप उंच पळतं. वरून उष्णता, तीही पळवतेच. रंगाचं महत्त्व मला दिसलं ते एवढंच : ६५०० केल्विनच्या पांढऱ्यात निळा पुरेसा असतो, त्यासाठी वेगळं जांभळं काही घ्यावं लागत नाही.

२५ एप्रिल

पॅनेल काढलं. रोपं वाढवत होतं, तक्रार ती नाही. पण जांभळ्यात पान पिवळं आहे की हिरवं, बुडाला मर (देठ कुजून रोप कोलमडणं) लागलीय की नाही, काही कळत नाही. सगळं काळपट दिसतं. रोज ट्रे उचलून दारात आणायचा आणि मग बघायचं. मागच्या छोट्या पंख्यात आमच्याकडची धूळ बसून तो कुरकुरायला लागला. शिवाय सवण्यातून (माळवदातल्या उजेडाच्या भोकातून) रात्री जांभळा झोत वर जायचा. गल्लीतले दोघं येऊन हळूच विचारून गेले, की आत काय चाललंय. आत्याबाईंनी एकाला सांगितलं, “सूनबाईनं दवाखाना काढलाय, मिरच्यांचा.”

२८ एप्रिल

ठरलं : बॅटन. पण का, ते नीट लिहिते, कारण दुकानदार सांगतो ते कारण नव्हे.

दुकानदार म्हणतो, एलईडीनं वीज वाचते. ट्यूबच्या तुलनेत खरं आहे. तांब्याच्या चोकची ट्यूब त्याच उजेडाला दुपटीहून जास्त वीज खाते. सोडियमच्या तुलनेत मात्र फारसं वाचत नाही. ४०० वॅटचा सोडियम ४८,००० ल्युमेनच्या आसपास देतो (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड). साधी बॅटन वॅटला शंभर ल्युमेन. ८२ आणि ७० चा भागाकार लावून, चोकची वीज धरून बघा, दोघं जवळजवळ बरोबरीत येतात. मला बारा ट्रे ठेवायचेत. त्याला अठरा बॅटन, ३५४ वॅट. सोडियमला ४३८. म्हणजे ८४ वॅटचा फरक, आणि त्यासाठी चार हजारांच्या बॅटन.

खरा फायदा जवळ टांगता येण्यात आहे. सोडियम फार जवळ आणला की पान भाजतं, म्हणून तो एकाच मजल्याला पुरतो आणि अर्धा उजेड भिंतीवर सांडतो. बॅटन पानापासून सहा इंचांवर ठेवली तरी पान पोळत नाही. त्यामुळं चार फूट बाय दोन फुटांच्या रॅकवर तीन मजले, प्रत्येकाला सहा बॅटन, चार ट्रे. उजेड कडेपासून कडेपर्यंत सारखा. आणि उष्णता एका जागी साचत नाही.

घरात चालू ट्यूबपट्ट्या पडून असतील आणि चार-दोनच कुंड्या ठेवायच्या असतील, तर मात्र मी नवं काही घेणार नाही. तेच लावा. फक्त ट्यूब फुटली तर खराट्यानं झाडू नका; आत पारा असतो. दार-खिडकी उघडून थोडं थांबा, मग जाड कागदानं काचा गोळा करून बंद डब्यात.

४ मे

मुख्य पेरणी. अकरा ट्रे मिरची (निम्मी ज्वाला जातीची, निम्मी घरच्या बियाची), एक ट्रे टोमॅटो. जुना अँगलचा रॅक २,२०० रुपये, आणखी बारा बॅटन २,७६०, यांत्रिक टायमर ४५०.

१३ मे

उगवले. टायमर संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. दिवसा खोली बंद आणि अंधारी, म्हणजे दिव्यांची ऊब आणि दुपारची ऊब एकावर एक चढत नाही. सकाळी दहाला ३३ अंश.

१७ मे

मधल्या मजल्यावरचे दोन ट्रे कोलमडले. बुडाशी देठ पाणावून बारीक, रोप आडवं. कारण पाणी. सोडियमच्या सवयीनं दोन वेळा मारत होते, आणि एलईडीखाली पान तापत नसल्यानं कोकोपीट वाळतच नाही. वरून नुसता हात लावला तर कोरडं वाटतं, बोट खुपसलं की चिखल. कॉपर ऑक्सिक्लोराइड (बुरशीनाशक) लिटरला अडीच ग्रॅम, आळवणी केली, म्हणजे मुळाशी ओतलं. गेलेली रोपं काढून टाकली, साठ-सत्तर असतील. आता पाणी दिवसाआड, तेही ट्रे उचलून वजनावर. रॅकच्या एका बाजूला छोटा टेबल पंखा मंद लावला, देठालाही त्यानं बळ येतं.

२१ मे

डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. दोन दिवस म्हणतायत.

घरच्या इन्व्हर्टरवर सोडियम किंवा त्या चोकच्या ट्यूब चालवायचा विचारही करवला नसता. बॅटनचा एक मजला ११८ वॅटचा. १५० एएच (अँपिअर-आवर) बॅटरीवर तो रात्रभर निघाला. तीन मजल्यांचे ट्रे आळीपाळीनं त्याच मजल्यावर. बाकीच्यांना सकाळी सात ते नऊ अंगणात लिंबाखाली, मच्छरदाणीच्या आत. उचलाउचलीत कंबर गेली.

२४ मे

लाइट आली आणि येतानाच दोन बॅटन घेऊन गेली. वायरमन म्हणाले, “ताई, डीपी चालू करायच्या वक्ताला मेन पाडून ठेवत जावा, पहिला झटका मोठा असतो.” बदलून घ्यायला ४६० रुपये.

२७ मे

टायमरचंही यात बिनसलं. यांत्रिक टायमर लाइट गेली की थांबतो, आली की तिथूनच पुढं चालतो. त्याची वेळ दोन दिवसांनी सरकली. कुणीतरी वैतागून कायम चालूवर ठेवून दिला, आणि ते माझ्या लक्षात यायला तीन-चार दिवस गेले. आमच्या भागात बॅटरीचा डिजिटल टायमर घ्या, सातशेला येतो. मीही आता तोच लावला.

२९ मे

आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दिवसा दिवा, रातच्याला बी दिवा. त्यांनी झोपायचं कवा?” मी हसले होते. पण टोमॅटोच्या ट्रेची पानं शिरांच्या मध्ये फिकट पडलेली होती. टोमॅटो आणि वांग्याला चोवीस तास उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. मिरचीनं तसं काही दाखवलं नाही. अंधाराचे आठ तास परत दिल्यावर टोमॅटोची नवी पानं नीट हिरवी येतायत. जुनी तशीच राहतील.

२ जून

वळवाचा पाऊस झाला आणि रात्री दिव्यावरच्या पाखरांचा (उडणाऱ्या किड्यांचा) लोंढा आला. सोडियमच्या पिवळ्या उजेडाला इतकी येत नव्हती, पांढऱ्याकडं जास्त येतात. दाराला ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी आहे, पण सवणं उघडंच राहिलं होतं. त्यालाही जाळी ठोकली. पिवळे चिकट सापळे तपासले : दोन-चार चिलटं, पांढरी माशी एकही नाही. फुलकिड्याला ४० मेश पुरत नाही, तो त्यातूनही निघतो. पुढच्या खेपेला बारीक जाळी घ्यावी लागेल.

७ जून

दिवे बंद. रोपांना सहा-सात पानं, देठ पेन्सिलीच्या शिशाहून जाड. आता बाहेर शेडनेटखाली, पाणी कमी करत. दिव्याखालचं पान कोवळं असतं, एकदम उन्हात नेलं तर एका दुपारीत पांढरं पडतं. म्हणून पहिले दोन दिवस फक्त सकाळचं ऊन, मग वाढवत.

१६ जून

मृगाचा पाऊस बेताचा, पण ओल झालीय. लावण केली. चांगली रोपं हजारावर निघाली, पाच गुंठ्यांना लागली ९३० च्या आसपास, उरलेली शेजारी दिली.

खर्चाचं स्पष्ट सांगते. रॅकवरचे दिवे रोज पावणेसहा युनिट खात होते. या हंगामाला दीडशे युनिट. आमच्या बिलात वरचं युनिट सगळे आकार धरून बारा-तेरा रुपयांना पडतं, म्हणजे १,९०० रुपये. रोपामागं नुसती वीजच पावणेदोन रुपये, आणि त्या भावात रोपवाटिकेत तयार रोप मिळतं. रॅक, बॅटन, बी, कोकोपीट वेगळंच. शिवाय बिल ३०० युनिटांच्या वर गेलं तर पुढच्या युनिटांना वरचा दर. पैसे वाचवायला हा धंदा कुणी करू नये. घरचं बी राखायचं असेल, किंवा बोकड्याला पहिले चाळीस दिवस तरी दाराबाहेर ठेवायचं असेल, तरच.

सोडियम विकलेला नाही. डिसेंबरात याच खोलीत रात्री १८ अंशांच्या खाली जातं आणि मिरचीचं बी तेव्हा उगवायलाच पंधरवडा लावतं. तेव्हा त्याची धग उपयोगी पडेल असं वाटतं : उगवेपर्यंत तो आणि कोंब दिसला की लगेच बॅटन. त्याआधी तुळईचं ते टोक बदलून घ्यायचंय. सुताराला दिवाळीनंतर बोलावलंय.